पलंगाचा धडा

६ फेब्रुवारी, मंगळवार

लिहायचं लिहायचं म्हणत महिना घालवला. ही डायरी सोयगावच्या कृषी केंद्रवाल्यानं काकांना फुकट दिली, काकांनी ती माझ्याकडं भिरकावली आणि मी ती पिशवीच्या तळाशी घालून इथवर आणली. रोज वाटायचं, आज लिहू. मग कुणीतरी काहीतरी दाखवायला बोलवायचं, नाहीतर डोळाच लागायचा. प्रत्येक पानावर वर शेतीचा सल्ला छापलाय. आजच्या पानावर आहे, कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून जाळा. मी उपटलेला आहेच, जाळायचा तेवढा राहिलोय.

तर मी पुंजाराम. आजोबांचं नाव. माझ्या वयाच्या दुसऱ्या कुणाचं हे नाव असेल तर मला त्याला भेटायचंय. बारावीला दोनदा बसलो, आयटीआय अर्धं सोडलं, नाशिकला द्राक्षं पॅक केली, सुरतेला साड्यांच्या घड्या घातल्या, लोणारच्या एका हॉटेलात टेबलं पुसता पुसता तिथल्या तळ्याकडं बघत बसायचो म्हणून मालकानं हाकललं. कुठं बूड टेकलं नाही. माझे काका तात्यासाहेब सोयगावच्या बाजारात मापाडी आहेत, धान्याची पोती मोजून देतात. वडील गेल्यावर त्यांनीच वाढवलं. यंदा संक्रांतीच्या आधी भांडण झालं तेव्हा म्हणाले, आता कुठंतरी टिकून दाखव, त्याशिवाय या उंबऱ्याला पाय लावू नको. म्हणून ठरवलंय, या खेपेला टिकायचंच.

आणि टिकीन असं वाटतंय, कारण जागाच भारी आहे. कंपनी शेंद्र्याच्या वसाहतीत, अगदी शेवटच्या गल्लीत. इथं विमानाची इंजिनं तपासतात. बिनपायलटच्या विमानात बसतात ती, हातभर लांब. इंजिन एका लोखंडी चौथऱ्यावर आवळायचं, चालू करायचं, आणि ते किती जोर लावतं, कुठं किती तापतं, किती थरथरतं, सगळं मोजायचं. चौथऱ्याला साहेब लोक टेस्ट बेड म्हणतात, बाकीचे सगळे पलंग म्हणतात. पलंग असा तोललाय की बोटानं ढकलला तरी कळतं, आणि त्याच्या पायांखाली वजन मोजणारे काटे बसवलेत. खोलीला खिडकी नाही, भिंती हातभर जाड. एका बाजूला जाड काच. काचेपलीकडं बद्रीनाथ बसतो, त्याच्यासमोर पडदा, पडद्यावर आकडेच आकडे. एवढे आकडे मी शाळेत असतानाही बघितले नव्हते.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

माझं काम अंगठ्याचं आहे. हसू नका. पलंगावरच्या इंजिनाला जागोजागी केसाएवढ्या बारीक तारा लावतात, त्यांच्या टोकाला उष्णता कळते. सगळ्या तारा एका निळ्या डब्यात जातात आणि डब्यातून पडद्यावर. आता कुठली तार कुठल्या आकड्याची, हे कसं कळणार? तर मी एकेका तारेच्या टोकाला अंगठा धरायचा. अंगाची ऊब लागली की आत एक आकडा चढतो, बद्रीनाथ स्पीकरवर हं म्हणतो, मी पुढच्या तारेकडं जायचं. दिवसभर अंगठा आणि हं.

काल नानासाहेबांनी विचारलं, मोजायच्या आधी पडद्यावर शून्य घेतात ते कशासाठी, कळतं का? नानासाहेब म्हणजे इथले मुख्य साहेब, शर्टाची घडी कधी मोडत नाही. मी म्हटलं, व्हय साहेब, आमच्यात त्याला धडा करणं म्हणतात. रिकामं पोतं आधी काट्यावर ठेवायचं, त्याचं वजन मारून टाकायचं, मग धान्य भरायचं. पोतं काट्यावर असतं, पण हिशेबात नसतं. नानासाहेब फार खूश झाले. कमरोद्दीनचाचांना हाक मारून मला परत सांगायला लावलं. चाचा इथले जुने फिटर, पलंग त्यांनीच उभा केलाय. ते ऐकून पाना पुसत राहिले. बद्रीनाथ म्हणाला, पोत्यालाच कळणार पोत्याचं. तेव्हापासून माझं नाव पोत्या.

मग नानासाहेबांनी सांगितलं की कुठलंही शून्य जागेवर राहत नाही. ऊन वाढलं, दिवस गेले की ते सरकतं. दुसऱ्यांच्या शेडमध्ये आठवड्याला सरकतं. आपलं मागच्या साली वर्षभर हललं नाही. हे सांगताना त्यांनी पलंगावर हात ठेवला होता, बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा.

१३ फेब्रुवारी

रविवारी शहरात गेलो. हर्सूलच्या तळ्यावर जायचं होतं, पण रिक्षात शेजारी बसलेल्या माणसानं नानखलियाचं नाव काढलं आणि मी त्याच्याबरोबरच उतरलो. असा तवंग, की नान बुडवताना हात लाजतो. तळं राहिलं.

इथली माणसं मात्र कडू आहेत. जेवायला बसलो की माझ्या शेजारची जागा रिकामी. ठेच्याची डबी पुढं केली तर बद्रीनाथनं ती बोटानं मागं सरकवली, जशी एखाद्याची चप्पल बाजूला करावी. नवा म्हणून त्रास देतात हे मला नवं नाही, सुरतेला तर माझी चादर पाण्यात बुडवून ठेवायचे. पण त्यात हसू असायचं. इथं हसत नाहीत. नुसतं बघतात, वरपासून खालपर्यंत, बैलबाजारात पाठ बघतात तसं. नोकरीला ठेवताना शिक्षण कुणी फार विचारलं नव्हतं. वजन विचारलं होतं. काल बद्रीनाथनं परत विचारलं. एकसष्ट म्हटलं, तर म्हणाला, घटू देऊ नको.

खोली शेंद्रा गावात, आवडाबाईंकडं. जमीन वसाहतीत गेली, त्या पैशात बाईंनी चार खोल्या बांधल्या. जीभ तिखट, पण भाकरी मऊ. शेडमधली माणसं कशी वागतात ते त्यांनाही मी सांगितलं, तर म्हणाल्या, त्या गल्लीतली पोरं माझ्याकडं राहून गेलीत, सांगून कुणी गेलं नाही.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

आज सील लागलं. वर्षातून एकदा पुण्याहून दोन माणसं येतात, पलंगावर खरी वजनं ठेवून काटे तपासतात, मग शून्य घेऊन निळ्या डब्याला सील ठोकतात. त्यानंतर वर्षभर कुणी हात लावायचा नाही. म्हणजे आजचं शून्य तेच वर्षाचं शून्य.

सगळं झालं, वजनं उतरवली. तेवढ्यात नानासाहेब म्हणाले, वरची एक तार सैल वाटते, पुंजाराम, चढ आणि धरून ठेव. मी चढलो. गुडघे मोडून बसलो, तार धरली. पुण्याची माणसं काचेपलीकडं, आमच्याकडं पाठ करून कागदांवर सह्या करत होती. स्पीकर खरखरला आणि बद्रीनाथ म्हणाला,

“काय रे पोत्या, धडा करू का?”

मला एवढं बरं वाटलं. महिनाभरात पहिल्यांदा त्यानं माझा शब्द वापरला. मी म्हटलं, करा की.

सील ठोकलं. तार सोडू नको म्हणाले होते, म्हणून मी बसून राहिलो. ती माणसं गाडीत बसून गेली तेव्हा नानासाहेबांनी मला उतरायला सांगितलं. उतरलो आणि काचेतून पाहिलं. पलंग रिकामा, आणि पडद्यावर उणे एकसष्ट.

मला हसू आलं. म्हटलं, बद्रीभाऊ, चूक झाली, मी वर होतो, परत घ्या. तो म्हणाला, सील लागलं, आता पुढच्या साली. पहिल्यांदाच गोड बोलत होता.

चाचा हात धुवायला निघून गेले. बराच वेळ धूत होते.

१७ फेब्रुवारी

माझ्या अंगठ्यानं आकडा चढत नाही.

सकाळी पहिलीच तार धरली. बद्रीनाथ म्हणाला, लाव की अंगठा. मी म्हटलं, लावलाय. तो म्हणाला, लाव म्हणतो ना. बोटाला वळ उठेपर्यंत दाबला. काही नाही. मग चाचांनी येऊन नुसतं बोट टेकवलं आणि स्पीकरवर हं आलं.

ताप असेल. पण ताप असता तर आकडा जास्तच चढला असता.

१९ फेब्रुवारी

शिवजयंतीची सुट्टी. क्रांती चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. ढोल असे, की छातीतली हाडं वाजावीत. गर्दीत मला नेहमी मजा येते, कुणी धक्का मारतं, कुणी सॉरी भाऊ म्हणतं. आज कुणी काही म्हटलं नाही. एकानं माझ्या पावलावर पाय दिला आणि तसाच ठेवला. फरशीवर ठेवावा तसा. मी ओरडलो, तर त्यानं दुसराही ठेवला.

स्टेशनवर ते लाल दिव्यांचं वजनाचं मशीन आहे. चढलो, नाणं टाकलं, दिवे फिरले, तिकीट पडलं. वजनाच्या जागी कोरं. खाली भविष्य छापलेलं, आपल्यावर सर्वांचा विश्वास आहे. म्हटलं मशीन बिघडलं असेल. माझ्यामागून एक बाई पोराला घेऊन चढली, तिचं बरोबर आलं.

मोबाईलवर बोट फिरत नाही. गेटवर हजेरीचं मशीन अंगठा घेत नाही. वॉचमन मला अडवतही नाही.

२१ फेब्रुवारी

खोलीला दुसरं कुलूप. आवडाबाई ओट्यावर शेजारणीला सांगत होत्या की खोली मोकळीच आहे, पण आत गेलं की काहीतरी कमी असल्यासारखं वाटतं, पीठ मळलं तरी पुरत नाही. मी समोर उभा होतो. बाई, मी आहे ना, म्हटलं. त्यांनी माझी पिशवी काठीनं ढकलून गटारीकडं सारली, मेलेली घूस सारावी तशी. नजर माझ्यावरून गेली. थांबली नाही.

आंधळ्या नाहीत त्या. दिसतो मी त्यांना. पण मोजत नाहीत.

२२ फेब्रुवारी

जायला जागा नव्हती म्हणून शेडमध्ये आलो. कुणी विचारलं नाही. पलंगावर बसलो, पाय दुखत होते म्हणून.

स्पीकर खरखरला. बद्रीनाथ म्हणाला, आलास का पोत्या, होतास कुठं?

मी रडलो. खोटं कशाला लिहू. तारेला अंगठा लावला, आकडा चढला, हं आलं. मोबाईलवर बोट फिरलं. तसाच घरी फोन लावला. काकूनं उचलला, लक्ष्मीबाईनं. आवाज ओळखला तिनं. मी एवढंच सांगितलं की शेंद्र्याला शेवटच्या गल्लीतल्या कंपनीत आहे, बरं वाटत नाही. काकांना दे म्हटलं, तर म्हणाली, ते तुझं नाव घेत नाहीत रे, घेतलं की जेवण सोडतात. मी बोलता बोलता सवयीनं खाली उतरलो. तिकडून हॅलो, हॅलो. मग तिनं ठेवला.

परत चढलो. पडद्यावर उणे एकसष्टचं शून्य झालं. इथं बसलो की मी आहे. उतरलो की कमी आहे.

आता इथंच झोपतो. पलंगच आहे शेवटी.

२३ फेब्रुवारी

चाचांना विचारलं. ते माझ्याकडं न बघता, पलंगाखाली नट आवळत बोलले. माझ्या आधी रामकिसन होता, लाडसावंगीचा. मागच्या सीलच्या वेळी तो वर होता. मग इंजिन चालवलं तेव्हाही वरच होता, दुसरीकडं कुठं जाणार. इंजिन बंद करून दार उघडलं तर पलंग रिकामा. कपडे नाहीत, राख नाही, काही नाही. आणि पडद्यावर शून्य. उणे व्हायला पाहिजे होतं, शून्य होतं. वर्षभर तसंच राहिलं. ऊन असो, थंडी असो, हललं नाही.

म्हणून आमचं शून्य हलत नाही. त्याला कुणीतरी आतून धरून असतं.

नव्या सीलबरोबर जुनं शून्य जातं, धरणाराही जातो. मग नवा लागतो.

मी म्हटलं, चाचा, सील तोडा. परत धडा करा, पलंग रिकामा ठेवून करा. चाचा म्हणाले, पुण्याच्या माणसांशिवाय डबा ऐकत नाही. मग उठले, दारापर्यंत गेले, थांबले.

“मियां, मैं नक्को बोल्या था उनको. पर मेरे भी घर में दो जवान बच्चे हैं. तू नक्को तो उन में का एक.”

इंजिन मंगळवारी चालवणार.

२४ फेब्रुवारी

पळून बघितलं. जालना रोडवर एसटीला हात केला. थांबली नाही. दुसरी थांबली, बाकीचे चढले, माझ्या तोंडावर दार लागलं. चालत गेलो. जसजसा लांब गेलो तसं अंग हलकं— हलकं नाही. पोकळ. पुलावर हात बघितला तर कठडा दिसत होता, हातातून. परत आलो. धावत आलो. लाज वाटते लिहायला, पलंग दिसला तेव्हा घर दिसल्यासारखं झालं.

नानासाहेब काचेशी आले. फार समजुतीनं बोलले. म्हणाले, पुंजाराम, तुला कुठं टिकायचंच होतं ना.

२५ फेब्रुवारी

बद्रीनाथ एकटा होता. मी पाया पडलो, वरूनच. त्यानं सांगितलं, एक वाट आहे. इंजिन चालायच्या आधी माझ्या वजनाचं दुसरं कुणी वर आलं, तर मी उतरू शकतो. काट्याला काय, पोतं कुठलं का असेना. मी उतरलो की मी मोकळा. पहिल्यासारखा.

म्हणाला, आण कुणीतरी.

कुणाला आणू? खाली उतरलो की माझं कुणी ऐकत नाही. वर बसून हाक मारली तर भिंती हातभर जाड.

आणि ऐकलं असतं तर— आवडाबाईंच्या खोलीत आता कोण राहतो, कसा आहे, अंगानं केवढा आहे, हे मी दुपारभर मनात धरून बसलो होतो. हे मी लिहितोय. मी असा नव्हतो.

२६ फेब्रुवारी

इंजिन आणलं. माझ्या पायाशी आवळलं. तारा लावायला कुणी नव्हतं, मलाच सांगितलं. मीच लावल्या. अंगठा, हं. अंगठा, हं. शेवटच्या तारेला बद्रीनाथ म्हणाला, काम चांगलं शिकलास.

कानात घालायला बोळे दिले नाहीत. बाकी सगळ्यांना दिले.

रिकामं खरंच काही नाही इथं. कान पलंगाला लावला की खालून श्वास— माझाच असेल.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

डिझेलचा वास. चाचा नळी जोडून गेले, बघितलं नाही माझ्याकडं. दार अजून उघडं आहे. बद्री दिवे लावतोय एकेक.

वाटतं, नुसता बसून राहीन. होऊन जाईल. रामकिसनचं झालं तसं—

काचेपलीकडं कुणीतरी आलंय. नानासाहेब खुर्ची देतायत. टोपी, खांद्यावर गमछा—

काका.

तात्यासाहेब. काकूनं सांगितलं असणार, पोराला बरं नाही. सोयगावहून पहाटेच्या गाडीनं— हा माणूस माझं नाव घेत नव्हता.

बद्री त्यांना दार धरून आत सोडतोय. एवढ्या अदबीनं तो कुणाशीच—

आत आले. कमरेवर हात ठेवून बघितलं मला. म्हणाले,

“वाळला रं लई. चल घरला.”

एवढंच.

उतरता येत नाही म्हणालो. का, ते ऐकायच्या आत त्यांची नजर पलंगावर. बोटानं ढकलून बघितला. वाकून पाय बघितले. मापाडी माणूस, कुठलाही काटा दिसला की आधी स्वतः उभं राहून पारखतो, जत्रेतला काटाही सोडत नाही. लई नाजूक काटा आहे म्हणतायत. खूश झालेत. वहाणा काढतायत.

स्पीकर. बद्री विचारतोय, पाहुणे किती किलोचे.

माहीत आहे मला. आम्ही दोघं एकाच मापाचे, त्यांचे सदरे मी—

काका, नको. दोन शब्द आहेत. तोंडात आहेत. बाहेर—

त्यांनी एक पाय वर ठेवला.

माझा एक पाय खाली—